उद्यमनगरातलं रेडिएटरचं गॅरेज: कूलंट बदलायला गेलो आणि गंज बघून आलो

रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, पण काम एकदम नाद खुळा. गॅरेजचं नाव लिहीत नाही कारण मिस्त्रींनीच बजावलंय, "नाव बिव टाकू नगा, आधीच गाड्या लावायला जागा न्हाई." कोल्हापूरकरांना शिवाजी उद्यमनगर सांगायला नको, लेथच्या आवाजात जिथं शेजारच्याशी पण ओरडून बोलायला लागतं त्या गल्ल्या, तिथं जाऊन रेडिएटरवाले मिस्त्री विचारलं की कुणीही बोट करून दाखवतंय. दारात जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर एकावर एक रचून ठेवलेत, बोर्डाचा रंग उडालाय, त्यामुळं नाव लिहिलं असतं तरी तुम्हाला वाचता आलं नसतं.

तर माझी गाडी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, ९४ हजार किलोमीटर झालेली, आणि ह्या गाडीत टेंपरेचरचा काटाच नाही. सकाळी चालू केली की निळा दिवा लागतो म्हणजे इंजिन थंड आहे, तो विझला की चालवा, आणि लाल लागला तर देवाचं नाव घ्या. मधलं काही कळत नाही. आधीच्या गाडीत काटा होता, तो नेहमीपेक्षा जरा वर सरकला की मनात पाल चुकचुकायची, ह्या गाडीत पाल थेट अंगावरच पडते.

मे महिन्यात सासुरवाडीहून रत्नागिरीहून परत येत होतो, डिकीत हापूसच्या चार पेट्या, मागं दोन पोरं, एसी फुल. साखरप्याला चहा घेतला आणि आंबा घाट चढायला लागलो, पुढं एक लोडेड ट्रक, त्याच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये रांगत रांगत जाताना अर्ध्या घाटात लाल दिवा लागला. एसी बंद केला, पुढच्या वळणावर जरा रुंद जागा मिळाली तिथं गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं तर आतनं केटलीसारखा आवाज आणि बाजूच्या पांढऱ्या टाकीत बुडबुडे. आणि मी काय केलं असेल, रुमाल घेतला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मागं थांबलेला एक ट्रकवाला एवढ्या जोरात ओरडला की हातातला रुमाल खाली पडला. तो ओरडला नसता तर हा रिव्ह्यू मी डाव्या हातानं टाइप करत असतो. गरम इंजिनात झाकणानं प्रेशर धरून ठेवलेलं असतं, त्या प्रेशरमुळंच आतलं पाणी शंभरच्या वर जाऊनपण उकळत नाही, आणि तुम्ही झाकण फिरवलं की प्रेशर जातं आणि उकळतं पाणी आणि वाफ एका झटक्यात तोंडावर. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, लाज वाटते सांगायला पण नव्हतं.

पाऊण तास आंब्याच्या पेट्यांवर बसून काढला. इंजिन गार झाल्यावर झाकण उघडलं, प्यायच्या पाण्याच्या तीन बाटल्या आत गेल्या, आणि ट्रकवाल्यानं सांगितल्याप्रमाणं हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल स्पीडला ठेवून आलो. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागं बसवलेला छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची उष्णता तिकडं काढता येते. मे महिना, खिडक्या उघड्या, हीटर फुल, पोरांची तोंडं टोमॅटोसारखी आणि बायको एक शब्द बोलत नाही. आंबा घाटापासनं कोल्हापूर साठ-सत्तर किलोमीटर, मध्ये मलकापूरला थांबून परत पाणी घातलं.

आता ही वेळ का आली, तर सर्व्हिसिंग चुकवलं म्हणून अजिबात नाही. तीन वर्षं घराजवळच्या एका गॅरेजात (नाव घेत नाही, भांडण काढायचं नाही) दर सर्व्हिसला बिलात 'कूलंट टॉप-अप १५० रुपये' लागायचे आणि मी गुमान भरायचो. एकदा माझ्यासमोरच पोरानं कॅनमधनं बिनरंगाचं काहीतरी ओतलं, विचारलं तर म्हणाला पाणीच आहे, कूलंट आधीचं आहे की त्यात, काय होत नाही. मीपण मान हलवली. गाडी चालतेय ना, मग कशाला, हा आपला स्वभाव. पण खरा प्रश्न वेगळाच होता, तो म्हणजे गळती नाही तर दर वेळी टॉप-अप लागतोय कशाला? कूलिंग सिस्टिम बंदिस्त असते, त्यातलं पाणी पेट्रोलसारखं संपत नाही. दर दोन-तीन महिन्याला लेव्हल खाली जात असेल तर कुठंतरी गळतंय किंवा जळतंय, आणि हे मला तिथं तीन वर्षांत कुणी बोललं नाही.

मोठ्या सर्व्हिस सेंटरलापण फोन केला होता, त्यांनी न बघताच रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडं जायची वाट उघडणारी झडप), होज (रबरी पाइप) सगळंच बदलायचं आणि १४ हजारांच्या पुढं खर्च सांगितला. चुकीचं म्हणत नाही, त्यांची पद्धत तशी असेल, पण मला आधी कुणीतरी बघून सांगायला पाहिजे होतं. ऑफिसातल्या एकानं उद्यमनगरचं नाव सुचवलं.

सकाळी साडेनऊला गाडी लावली. मिस्त्री साठीचे, डाव्या हाताला कोपरापासनं मनगटापर्यंत भाजल्याचा जुना डाग (त्यांनीपण कधीतरी झाकण उघडलं होतं, १९ वर्षांचे असताना, ॲम्बॅसिडरचं). बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे ते बघितलं, झाकण उघडलं आणि आत बोट घालून बाहेर काढलं. बोटाला चॉकलेटी चिखल. माझ्याकडं बघून म्हणाले, "सायेब, हे काय घातलायसा ह्यात, चुलीवरचा चहा?" मग तोच चिखल दोन बोटांत चोळून माझ्या तळहातावर लावला, बारीक रेतीसारखा लागत होता. "हे रेडिएटरचं न्हाई, हे इंजिनाचं हाय. तुमचं इंजिन इरघळून ह्यात यायलंय."

इथनं पुढं त्यांनी जे जे केलं ते मी स्टुलावर बसून बघितलं आणि खरं सांगतो, १४ हजार वाचले ह्यापेक्षा ते सहा तास जास्त कामाचे ठरले.

आधी रिफ्रॅक्टोमीटर काढला. पेनाएवढी दुर्बीण असते, काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडं धरून बघायचं, निळा-पांढरा पट्टा कुठं मिळतो तिथं आकडा वाचायचा. हा आकडा असतो ते पाणी किती डिग्रीला गोठेल त्याचा. अर्धं ग्लायकॉल (कूलंटमधलं पाण्यात मिसळायचं मुख्य द्रव्य) अर्धं पाणी असेल तर उणे ३७ च्या आसपास यायला पाहिजे, माझ्या गाडीचा आला उणे ३. म्हणजे जवळजवळ पाणीच. मी म्हटलं मिस्त्री, कोल्हापुरात कुठं बर्फ पडतोय, उणे ३७ घेऊन मला काय लेहला जायचंय? ते हसले. म्हणाले गोठायचं सोडा, गंजाचं औषध त्या ग्लायकॉलबरोबरच येतं, ग्लायकॉल पातळ झालं की औषधपण पातळ झालं. आकडा गोठायचा असला तरी आपण त्यातनं औषध मोजायचं.

मला तोवर वाटायचं कूलंट म्हणजे पाण्यापेक्षा जास्त थंड करणारं काहीतरी असतं. उलट आहे. उष्णता वाहून न्यायला साधं पाणीच जास्त चांगलं, ग्लायकॉल घातलं की ती ताकद जरा कमीच होते. ग्लायकॉल घालतात ते गोठण्याचा आकडा खाली न्यायला आणि उकळण्याचा वर न्यायला, आणि त्यात मिसळलेली जी औषधं असतात ती गंज थांबवायला. आपल्याकडं थंडीचा प्रश्न नाही म्हणून लोक पाणी घालतात आणि गंजाचा प्रश्न आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. जुन्या ॲम्बॅसिडरांमध्ये लोखंडी इंजिन आणि तांब्या-पितळेचा जाड रेडिएटर असायचा, त्या पाण्यावर वर्षानुवर्षं ओढल्या, गंजायच्या पण माल एवढा जाड की कळायचं नाही. आताच्या गाड्यांत हेड (इंजिनाचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि त्याच्या नळ्यांचा पत्रा कागदासारखा, वर लोखंड-स्टीलचे भाग आहेतच. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षार असलेलं पाणी म्हणजे शाळेत लिंबात खिळा आणि तांब्याची तार खुपसून करायचो तसली बॅटरी झाली, आणि त्या बॅटरीत खिळा खाल्ला जातो तसं इथं ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

दुसरं यंत्र साधं मल्टिमीटर. काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल वायरचं टोक रेडिएटरच्या तोंडातनं पाण्यात, कुठल्याही धातूला न लावता. सगळं बंद असताना ०.१८ व्होल्ट. मग इंजिन चालू करून हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं लावायला सांगितलं तर आकडा ०.४२ वर गेला. मिस्त्रींच्या हिशेबानं ०.१ च्या आत असेल तर ठीक, ०.३ च्या वर गेला तर ॲल्युमिनियमला धोका. बंद असताना जो आकडा येतोय तो खराब पाण्याचा, आणि लाइट लावल्यावर जो वाढतोय तो अर्थिंगचा, म्हणजे कुठंतरी अर्थिंगची वायर सैल आहे आणि करंट बॉडीतनं जायच्या ऐवजी पाण्यातनं वाट काढतोय. इंजिनापासनं बॉडीला जाणारी जी पट्टी असते ती काढून दाखवली, टोक हिरवं पडलेलं, बोल्टखाली रंग आणि गंज. पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासली, परत आवळली, आकडा ०.२ च्या जवळ आला. हे मला कुठल्याही सर्व्हिस बिलात कधी दिसलेलं नाही, आणि ह्याचे त्यांनी पैसे पण लावले नाहीत. नवीन रेडिएटर बसवून ही वायर तशीच ठेवली असती तर तोपण दोन-तीन वर्षांत चाळणी झाला असता म्हणे.

मग रेडिएटर उतरवला. ॲल्युमिनियमची जाळी आणि वर-खाली प्लास्टिकच्या टाक्या असतात, त्या जिथं जोडलेल्या असतात तिथं पांढरट-हिरवट पापुद्रा धरला होता, तीच गळती, गरम झाल्यावर बारीक गळायचं आणि लगेच वाळून जायचं म्हणून खाली डाग दिसायचा नाही. पाण्याचा पाइप लावून वरनं पाणी सोडलं तर खालनं मुतरी धार. निम्म्या नळ्या बंद. आणि आत काय सापडलं सांगू? हळद. खरंच हळद, ओल्या लगद्यासारखी. रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकायची, ती भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते, हा ट्रकवाल्यांचा जुना उपाय, रात्री घाटात अडकलात तर घरापर्यंत पोचवतोपण. पण ती नंतर धुऊन काढायची असते. माझ्या गाडीत कुणी आणि कधी टाकली देव जाणे, मिस्त्री म्हणाले, "सांगलीचा पावना आल्ता का काय गाडी चालवायला?" गॅरेजातली चारही पोरं हसली, मीपण हसलो, पण त्या हळदीनं गळती बुजली का माहीत नाही, नळ्या मात्र बुजल्या होत्या.

सगळ्यात भारी भाग थर्मोस्टॅटचा. काढला तर लोखंडी भागावर गंजाचा थर, पितळी भागावर ८२ छापलेलं, म्हणजे ८२ डिग्रीला उघडायला पाहिजे. गॅसच्या छोट्या शेगडीवर पातेलं ठेवलं, पाणी, त्यात काचेचं थर्मामीटर, आणि थर्मोस्टॅट तारेनं मध्ये लटकवला, तळाला लागू द्यायचा नाही. शेजारी नवीन थर्मोस्टॅटपण तसाच लटकवला. ८२ झाले, नव्याचं तोंड उघडायला लागलं, कमळाची कळी फुलते तसं म्हणायला हवं होतं पण खरं म्हणजे म्हातारा माणूस जांभई देतो तसं, सावकाश. नव्वदच्या पुढं ते चांगलं रुंद उघडलं. जुना जागचा हलत नाही. पाणी खळखळ उकळायला लागलं (कोल्हापूर समुद्रसपाटीपासनं साडेपाचशे मीटरवर आहे त्यामुळं इथं पाणी ९८लाच उकळतंय, हेपण तिथंच कळलं) तरी जुन्यात नखाएवढी फट. म्हणजे घाटात इंजिन तापलेलं आणि रेडिएटरकडं जायचं दारच बंद. काही मिस्त्री अशा वेळी थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, 'आपल्याकडं गरज नाही' म्हणून. ह्यांनी साफ नाही म्हटलं, काढला तर इंजिन वेळेवर गरम होत नाही, पेट्रोल जास्त खातं, ऑइलमध्ये ओल राहते.

झाकणपण हातपंपाच्या टेस्टरवर लावून बघितलं. ०.९ प्रेशर लिहिलेलं झाकण ०.५लाच सोडत होतं. स्प्रिंग मेली की प्रेशर धरत नाही आणि मग ज्या पाण्यानं ११८ डिग्रीपर्यंत दम धरायला पाहिजे ते आधीच उकळतं. अडीचशे रुपयांचं झाकण. होजपण दाबून दाखवले, वरचा दाबला तर आत कुरकुर वाजला, म्हणजे आतनं कडक झालेला.

वॉटर पंप, ज्याला गॅरेजात वॉटर बॉडी म्हणतात, तो मात्र बदलला नाही. त्याच्या खाली एक बारीक भोक असतं, सील गेलं की तिथनं पाण्याचे ओघळ येतात, माझं कोरडं होतं, शाफ्टला खेळ नव्हता, "चांगल्याला कशाला हात लावायचा, पुढल्या वेळी बघू." त्याच १४ हजारांच्या यादीत पंप होता बरं का. हेड गॅस्केटची (हेडच्या खालच्या सीलची) भीती होती, ऑइलची कांडी काढून बघितली, झाकणाच्या आत बघितलं, दुधाळ काही नाही, इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडातनं सतत बुडबुडेपण नाहीत. लाल दिवा लागल्या लागल्या थांबलो म्हणून वाचलं. अजून दोन वळणं रेटलं असतं तर हेड बेंड, मग फेसिंग (घासून सपाट करणं), मग गॅस्केट, आकडा विचारायलाच नको.

धुण्याला सगळ्यात जास्त वेळ गेला. साधं पाणी भरायचं, हीटर फुल गरम करून इंजिन चालवायचं, गरम झालं की बंद करून सोडायचं. पहिलं पाणी विटेच्या रंगाचं, दुसरं चहा, तिसरं पातळ चहा, चौथं जवळजवळ स्वच्छ. हीटर चालू ठेवायचा कारण नाहीतर डॅशबोर्डमागच्या त्या छोट्या रेडिएटरातला गाळ तसाच राहतो. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनं, बॅटरीत घालतो तेच.

आणि इथं एक गोष्ट आहे जी मला कुणीच सांगितली नव्हती आणि घरी कूलंट बदलणारे बहुतेक जण इथंच गंडतात. खालची तोटी सोडली की रेडिएटर रिकामा होतो, इंजिन नाही. माझ्या गाडीत एकूण साधारण ४ लिटर मावतं, तोटीतनं निघालं अडीच. उरलेलं दीड लिटर ब्लॉक आणि हीटरमध्ये बसून. आता तुम्ही बाजारातनं ५०:५० चं तयार कूलंट आणून ओतलं तर ते आत बसलेल्या पाण्यात मिसळून ३० टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं, म्हणजे पैसे दिले अर्ध्याचे आणि मिळालं एक-तृतीयांश. म्हणून मिस्त्रींनी तयार न आणता कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणायला लावलं, एक-एक लिटरचे दोन डबे, ते २ लिटर आधी आत घातले आणि वर डिस्टिल्ड वॉटर. गाडी फिरवून आणल्यावर रिफ्रॅक्टोमीटर, उणे ३६. मल्टिमीटर परत लावलं, सगळं चालू असताना ०.०६.

नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलं तर अजून चांगलं ना, असं विचारणारा मीच होतो. नाही. शुद्ध ग्लायकॉल उणे १२-१३लाच गोठतं आणि उष्णतापण नीट वाहून नेत नाही, पाणी मिसळल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

पाण्याबद्दल मिस्त्री फारच कडक आहेत. आमच्या अपार्टमेंटच्या बोअरचं पाणी मी घरच्या टीडीएस मीटरनं (पाण्यातले क्षार मोजणाऱ्या) मोजलं तर ६४० आलं. गीझरची कॉइल काढल्यावर जो पांढरा दगड दिसतो तोच इंजिनात सगळ्यात तापणाऱ्या जागी बसतो आणि इंजिनाला आतनं गोधडी पांघरल्यासारखं होतं, वर पाण्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पाडतं. आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण त्यातपण क्षार असतातच. वीस रुपये लिटरचं डिस्टिल्ड वॉटर आणायला कंजुषी करण्यात काय अर्थ आहे, आपण एका वड्याला तेवढे देतो.

रंगावरनं माझा मोठा गैरसमज होता. हिरवं म्हणजे साधं, लाल म्हणजे भारी, असं काही नसतं, रंग हा नुसता रंग आहे, कंपनी पाहिजे तो घालते. टोयोटाचं गुलाबी, होंडाचं निळं, फोक्सवॅगनचं गुलाबी-जांभळं, आणि दुकानातलं दुसरं गुलाबी ह्यातल्या कशासारखंच नसेल. खरा फरक आतल्या औषधात. जुन्या पद्धतीचं कूलंट सगळ्या धातूवर आतनं थर चढवतं, ते लवकर संपतं, साधारण दोन वर्षं. नवीन सेंद्रिय आम्लाचं जिथं गंज सुरू होतो तिथंच काम करतं म्हणून जास्त टिकतं, पाच वर्षंपण. जपानी कंपन्या गंजाच्या औषधात फॉस्फेट घालतात, सिलिकेट टाळतात. युरोपवाले बरोबर उलट, कारण त्यांच्याकडं पाणी कठीण, म्हणजे जास्त क्षारांचं, आणि फॉस्फेट तसल्या पाण्यात गाळ करतं. म्हणजे जपानी पद्धतीच्या कूलंटमध्ये आमच्या बोअरचं ६४०चं पाणी घातलं तर काय होईल ते बघा. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते घ्या, दोन जातींची खिचडी करू नका, आणि डब्यावर आयएस ५७५९ (भारतीय) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी) किंवा एएसटीएम डी ३३०६ (अमेरिकन) ह्यातलं एखादं मानक छापलंय का बघा. काउंटरवर १०० रुपयाला लिटर मिळणारं एक हिरवंगार 'कूलंट' मिस्त्रींनी मुद्दाम ठेवलंय, दुर्बिणीखाली धरून दाखवतात, उणे २. रंगीत पाणी, पंचमीला वापरा.

हवा काढणं हेपण त्यांच्याकडनंच बघितलं. गाडीचं तोंड रॅम्पवर वर करून, झाकण उघडं ठेवून, हीटर लावून इंजिन चालवत ठेवलं, पोरगं मधनं मधनं होज दाबतंय आणि आतनं डुबुक डुबुक बुडबुडे येतायत. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबले. आत हवेची गाठ राहिली तर सेन्सर हवेत लटकतो आणि लाल दिवापण वेळेवर लागत नाही, माझ्यासारख्या बिनकाट्याच्या गाडीला हे जास्तच भारी पडलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर टाकीतली लेव्हल बघायला सांगितली होती, बोटभर उतरली होती, वर पाव लिटर घातलं, त्यानंतर हललेली नाही.

बिल असं झालं: रेडिएटर ३,२००, थर्मोस्टॅट ६५०, झाकण २५०, दोन होज ७००, कॉन्सन्ट्रेट ८४०, डिस्टिल्ड वॉटर २००, मजुरी ९००. एकूण ६,७४०. रेडिएटर कंपनीचा नाही, बाहेरच्या मेकचा, हे त्यांनी आधीच सांगितलं आणि जुने सगळे पार्ट पोत्यात घालून परत दिले.

आता कापलेला स्टार. दोन तास म्हणाले आणि साडेतीन वाजले, जेवण बुडालं. बिल म्हणजे डायरीचा फाडलेला कागद. हे दोन्ही चालवून घेतलं असतं. पण धुतलेलं सगळं पाणी, जुन्या कूलंटसकट, समोरच्या गटारीत. मी विचारलं तर म्हणाले, "सगळेच सोडत्यात की ओ." बरोबर आहे, सगळेच सोडतात, पण हे ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. गल्लीत पाच-सहा कुत्री होतीच, एक तर गाडीखाली झोपलं होतं. एवढा जाणता माणूस, एवढ्या बारकाईनं काम करणारा, त्याला एक ड्रम ठेवायला काय हरकत आहे. मी बोललो, त्यांनी 'बघू' म्हटलं. परवा गेलो होतो तेव्हा एक निळा ड्रम दिसला पण त्यात काय होतं ते विचारलं नाही, म्हणून स्टार अजून परत देत नाही. आणि हो, घरी डबा उरला असेल तर पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, सरबताच्या बाटलीत तर मुळीच ओतून ठेवू नका.

सहा महिने झाले. पावसाळ्यात आंबा घाट एकदा, दिवाळीत गगनबावडा एसी लावून, लाल दिवा नाही, लेव्हल जागेवर. मी स्वतः ९०० रुपयाचा रिफ्रॅक्टोमीटर घेतलाय आणि रविवारी सकाळी पार्किंगमध्ये लोकांच्या गाड्या तपासत फिरतो, बायको म्हणते नवीन खूळ. सात गाड्या बघितल्या, पाचांत पाणी. एका शेजाऱ्यानं तर ऐकूनच घेतलं नाही, आमची कधीच तापत नाही म्हणाला. माझीपण साखरप्यापर्यंत कधीच तापली नव्हती.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा आणि गाडी गार होऊ द्या, गरम गाडीला ते हातच लावत नाहीत. गुरुवारी लाइट जाते तेव्हा नको. आणि चहा विचारला तर समोरच्या टपरीवरनं मागवा, त्यांच्याकडं पातेलं एकच आहे.